किनाऱ्यालगतच्या रानवाटांवर ग्रॅव्हल बाइक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रॅव्हल बाइक म्हणजे डांबर संपल्यावरही वेग न गमावता पुढे जाणारी सायकल. तिचे हँडल रोड बाइकसारखे खाली वळलेले असते, ब्रेक डिस्कचे असतात आणि टायर साधारण 35 ते 50 मिलिमीटर रुंदीचे. दोन चाकांमधले अंतर रोड बाइकपेक्षा थोडे जास्त असल्याने सुट्या खडीवर ती लवकर डगमगत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 2006 मध्ये सुरू झालेली आणि आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाणारी 200 मैलांची शर्यत या प्रकाराच्या प्रसाराला मोठे कारण ठरली. 2022 मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. कोकणात या सायकलीला हवी तशी जमीन मुबलक आहे: कलमांच्या बागांकडे जाणारे मातीचे रस्ते, चिरेखाणींच्या वाटा, सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारांवरच्या, गाडीवाटा, किनाऱ्याच्या डोंगरांमधले वनखात्याचे रस्ते. मात्र ही जमीन जांभ्याची आहे. परदेशी खडीसाठी दिलेला सल्ला तिला जसाच्या तसा लावला की गैरसमज सुरू होतात.

पहिला गैरसमज असा की कच्च्या वाटेला सस्पेन्शनची माउंटन बाइकच लागते. कोकणातल्या बहुतेक मातीच्या रस्त्यांवरून टेम्पो जातात. तिथे रुंद टायरमधली हवाच पुरेसे धक्के शोषते. सस्पेन्शन असलेली सायकल तिथे चालते, पण वजन वाढते आणि चढावर पाय लवकर भरून येतात. पाखाडीचे मात्र वेगळे. गावातून समुद्राकडे उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या उंच पायऱ्यांवर ग्रॅव्हल बाइक चालवायची नसते. ती खांद्यावर घ्यावी आणि उतरावे.

टायर जितका कडक तितकी सायकल हलकी पळते, ही समजूत सर्वांत चिवट आहे. गुळगुळीत डांबरावर ती काही मर्यादेपर्यंत खरी ठरते. खडबडीत जमिनीवर कडक टायर प्रत्येक दगडावरून उसळतो, सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलतो आणि पुढे जाण्याची शक्ती त्या हादऱ्यांत वाया जाते. थोडा मऊ टायर दगडाला गिळून पुढे सरकतो. सत्तर किलोच्या स्वाराला 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये साधारण 30 ते 35 पीएसआय हवा पुरते. फार कमीही चालत नाही. जांभ्याच्या कडा धारदार असतात. टायर पूर्ण दबला की रिमला थेट दगड लागतो.

ट्यूबलेस टायर पंक्चर होत नाही, असेही अनेकदा सांगितले जाते. बोरी-बाभळीच्या काट्याचे छिद्र आतले सीलंट क्षणात बुजवते, हे खरे. पण तो द्रव उन्हाळ्याच्या उष्म्यात काही महिन्यांत सुकतो, आणि सुकला की टायरच्या आत रबराच्या पापुद्र्याखेरीज काही उरत नाही. शिवाय जांभ्याने टायरची बाजू चिरली तर सीलंटचा उपयोग नाही. आतून जाड ठिगळ आणि वर साधी ट्यूब, हाच मार्ग. एक ट्यूब जवळ हवीच.

पावसाळ्याविषयीचा गैरसमज जास्त धोक्याचा आहे. हिरवे सडे, वाहते ओहोळ, ढगात बुडालेली झाडे पाहून हाच सायकलीचा मोसम वाटतो, आणि खोल खाचांचे टायर लावले की घसरणार नाही असे मानले जाते. जांभा हा उष्ण, अतिपावसाच्या हवामानात मूळ खडक झिजून, त्यातली सिलिका वाहून जाऊन तयार झालेला लोह आणि ॲल्युमिनियमयुक्त दगड. कोरड्या दिवसांत त्याच्या कठीण पृष्ठभागावर वाटाण्याएवढे लाल खडे सुटे पडलेले असतात. वळणावर पुढचे चाक त्यांवरून गोट्यांवरून सरकावे तसे सरकते. तिथे वेग वळणाआधीच कमी करायचा, वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही. पावसात याच दगडावर शेवाळ चढते. त्यावर कोणत्याही खाचांचा टायर धरत नाही, कारण खाचांमधले उंचवटे मातीत रुततात, दगडात नाही. लाल चिखल तर खाचांमध्येच भरून बसतो आणि चाक सायकलीच्या चौकटीला घासू लागते. जून ते सप्टेंबरात डांबरी रस्ते बरे. पाऊस संपून वाटा वाळल्या की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

किनारा म्हणजे सपाट प्रदेश, असे नकाशा पाहून वाटते. कोकणचा किनारा खाड्यांनी तुटलेला आहे. गाव खाडीकाठी, सडा वर. एका गावातून दुसऱ्यात जायचे तर चढून सडा गाठायचा, पलीकडे उतरायचे, पुन्हा चढायचे. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचा असला तरी दिवसाअखेर त्यांची बेरीज मोठी होते, आणि त्यातले अनेक चढ सरळ छातीवर येणारे असतात. म्हणून पुढे 40 दातांचे एकच चक्र असेल तर मागे 42 दातांपर्यंतचा संच असावा. त्यावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम दोन मीटर पुढे जाते, आणि तीव्र चढावर तेवढेच झेपते. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी अशा फेरीबोटींत सायकल घेता येते, त्यामुळे खाडीचा लांब वळसा टळतो. समुद्राचा वारा अंग थंड ठेवतो, हेही अर्धसत्यच. हवा दमट असल्याने घाम सुकत नाही, शरीर तापत राहते आणि मीठ निघून जाते. नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा मीठ घातलेले कोकम सरबत किंवा ओआरएस बरोबर असावे.

ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची सायकल गंजत नाही, म्हणून पुळणीवरून बिनधास्त न्यावी, असे मानणाऱ्यांची साखळी लवकरच तांबूस होते. चौकट गंजत नसेल, पण साखळी, बोल्ट आणि बेअरिंग पोलादाचेच असतात, आणि कार्बनला जोडलेले ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात उलट लवकर खराब होते. पुळणीवरून आल्यावर सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवावी, पुसावी, साखळीला तेल द्यावे. सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमधले ग्रीस निघून पाणी आत शिरते.

सापांबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी आहे. जांभ्याच्या मुलखात फुरसे भरपूर. ते दगडाखाली, गडग्यांच्या, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणांच्या, फटींत बसते. धावत्या सायकलला त्याचा धोका नगण्य. धोका असतो विश्रांतीसाठी गडग्यावर बसताना किंवा सायकल टेकवायला दगड उचलताना. दंश झालाच तर चिरा देणे, रक्त चोखणे, दोरीने आवळणे यांतले काहीही करू नये. जखमी अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यावे. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते.

सर्वांत महत्त्वाचा गैरसमज जमिनीच्या हक्काचा आणि तिच्या सहनशक्तीचा आहे. वाट दिसते म्हणून ती सर्वांसाठी मोकळी असते असे नाही. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान असलेले फणसाड 1986 मध्ये अभयारण्य झाले. शेकरूसह अनेक प्राण्यांचा तिथे निवारा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातल्या सार्वजनिक रस्त्यावरून जाणे वेगळे आणि आतल्या वाटेवर परवान्याशिवाय शिरणे वेगळे. देवराईतून सायकल नेण्याआधी गावात विचारावे.

सायकलला इंजिन नाही म्हणून तिने काही बिघडत नाही, हेही खरे नाही. उजाड दिसणाऱ्या सड्यावर बोटभर जाडीची माती असते. पहिल्या पावसानंतर तिच्यातून दीपकाडीसारखी जगात फक्त कोकणपट्टीतच आढळणारी फुले उगवतात. ओल्या मातीत टायरने पाडलेला चर पाण्याचा ओहोळ बनतो आणि माती घेऊन जातो. रत्नागिरी जिल्ह्यात बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे अशा ठिकाणी याच सड्यांवर कातळशिल्पे कोरलेली आहेत. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. अनेक ठिकाणी त्यांना कुंपण नाही, आणि दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात उथळ रेषा दिसतही नाहीत. त्यामुळे सड्यावर मळलेली गाडीवाट सोडायची नाही आणि शिल्पाजवळ सायकल दूर उभी करून पायी जायचे. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, ती भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. तिथे सायकल नेऊच नये.