अंतरपाट एकदाच दूर होतो

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी त्यानं कॅमेऱ्यातली कार्डं बदलली. जुन्यांत जागा होती की अजून. “‘सावधान’ म्हणताना कार्ड भरलं तर भटजी थांबतात होय?” सांगलीच्या त्या कार्यालयात दिवसभर मी या छायाचित्रकाराच्या मागं मागं होतो.

त्याची सगळी कार्डं 64 जीबीची. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक रॉ फोटो साधारण 25 ते 30 एमबी खातो, म्हणजे एका कार्डावर दोनेक हजार फोटो. (विंडोजच्या संगणकावर तेच कार्ड साठाच्या आत दिसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1,024 च्या, फसवणूक नव्हे.) 256 जीबीचं एकच घातलं तर हळदीपासून पाठवणीपर्यंत बघायला नको, पण ते गेलं की अख्खं लग्न गेलं. म्हणून या धंद्यातले जुने लोक छोटी छोटी पुष्कळ कार्डं घ्यायला सांगतात. मला ते अर्धंच पटतं. नखाएवढी वस्तू जितक्या वेळा काढाल-घालाल, तितक्या वेळा ती हरवायची संधी. खरा आधार कॅमेऱ्यातल्या दुसऱ्या स्लॉटचा. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. ही सोय असूनही दुसरा स्लॉट नुसता जादा जागेसाठी वापरणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

भरलेलं कार्ड बाहेर आलं की कडेची बारीक कळ ‘लॉक’कडे सरकते आणि पाकिटात ते उलटं बसतं. रिकामी सुलटी.

पंगती उठल्यावर कॉपीचं काम. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी हार्ड डिस्कवर, आणि दोन्ही थेट कार्डावरूनच. लॅपटॉपवरून डिस्कवर घेतली आणि पहिलीतच बिघाड असला, तर बिघाडाचीही नक्कल होते. मग फायलींची संख्या आणि आकार जुळवायचे, मधले मधले फोटो पूर्ण मोठे करून बघायचे. खराब फाइलही यादीत शहाण्यासारखी बसलेली असते. उघडल्यावर कळतं, वधूच्या मुंडावळ्या आहेत, खाली नुसता करडा पट्टा.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी: पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला हा 3-2-1 चा नियम. त्यातला शेवटचा आकडा सांगलीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. एकाच कपाटातल्या दोन डिस्क पुराच्या हिशेबी एकच. या छायाचित्रकाराची तिसरी प्रत पुण्याला भावाकडे जाते. क्लाउडवर फक्त निवडलेले फोटो, कारण सगळे रॉ चढवायला त्याच्या इंटरनेटला रात्र पुरत नाही.

पुण्याहून डिस्क पोचल्याचा फोन येईपर्यंत कार्डांना हात लावायचा नाही. त्यानंतर ती फॉरमॅट होतात, तीही कॅमेऱ्यातच. लग्नसराईत त्यामुळं कार्डांचा दुसरा संच बाळगावा लागतो. त्याचे आणि डिस्कचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहिलेले असतात, आणि वधूपक्षाकडचे एखादे काका नेमकी तीच ओळ खोडायला सांगतात.