नाणं कुणाचं आणि कौल कुणाचा?

आमच्या दादीकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात निजामाच्या काळातली पाच-सहा नाणी होती. मराठवाड्यात त्या काळी दोन रुपये चालायचे. निजामाचा तो हाली आणि इंग्रज सरकारचा तो कलदार. सात हालींचे सहा कलदार, हा हिशेब शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनाही पाठ होता. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं, पण हाली व्यवहारातून कायमचा गेला तो १९५९ मध्ये. मी लहानपणी एकदा विचारलं, "दादी, पैसा बदलला तेव्हा तुला काय वाटलं?" तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "हमकू कौन पुछा?"

युरोपातल्या युरो या नाण्याविषयी वाचताना मला हा प्रश्न वारंवार आठवतो. कारण तिथं काही देशांनी आपल्या माणसांना खरोखरच विचारलं आणि काहींनी मुद्दाम विचारलं नाही. दोन्हीकडे जे घडलं ते मोठं बोलकं आहे.

थोडी पूर्वपीठिका सांगतो. फेब्रुवारी १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त या गावी युरोपातल्या बारा देशांनी एक करार केला. पुढे सर्वांचं मिळून एकच चलन करायचं, असं त्यात ठरलं. १९९९ च्या पहिल्या दिवशी हे चलन बँकांच्या खातेवह्यांत आलं आणि १ जानेवारी २००२ ला नोटा-नाणी लोकांच्या हातात पडली. फ्रँक, मार्क, लिरा, ग्रीकांचा द्राख्मा अशी जुनी नावं बघता बघता इतिहासजमा झाली.

सोय उघड होती. सरहद्द ओलांडताना पैसे बदलायची कटकट गेली, व्यापाऱ्याची दराची धास्ती गेली. पण या सोयीची एक किंमत होती. देशाचं स्वतःचं चलन असलं की वाईट दिवसांत त्याचा भाव खाली येऊ देता येतो. बाहेरून येणारा माल महागतो खरा, पण आपला माल परदेशात स्वस्त होऊन खपतो. दुखणं सगळ्यांत थोडं थोडं वाटलं जातं. चलन सामाईक झालं की ही वाट बंद. व्याजाचा दरही सगळ्यांना एकच, आणि तो ठरतो जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरी, युरोपीय मध्यवर्ती बँकेत. मग संकट आलं की कात्री लागते ती थेट पगाराला आणि पेन्शनीला. एखादा चौकोनी कुटुंबाचा चुलता सगळ्या भावांच्या घरखर्चाची किल्ली कमरेला लावून बसावा, तसं हे.

तरीही लोक मत देतात ते हे सगळं गणित मांडून, असं मला वाटत नाही. ज्यांच्या जुन्या नाण्यानं त्यांना दगा दिला होता, ते नव्या नाण्याकडे आशेनं बघत होते. ज्यांचं नाणं शब्दाला जागलं होतं, त्यांचा हात ते सोडायला तयार नव्हता.

डेन्मार्कचंच बघा. या चिमुकल्या देशानं जून १९९२ च्या सार्वमतात मास्त्रिख्त करारच फेटाळला. विरोधात ५०.७ टक्के मतं, म्हणजे निकाल अगदी काठावरचा. मग डेन्मार्कला काही सवलती मिळाल्या. सामाईक चलनातून बाहेर राहण्याची मुभा ही त्यातली एक. त्यानंतर १९९३ मध्ये लोकांनी करार मान्य केला. २८ सप्टेंबर २००० ला पुन्हा विचारलं गेलं, या वेळी थेट युरोबद्दल. सरकार, मोठे पक्ष, उद्योगपती, बहुतेक वर्तमानपत्रं 'हो' म्हणा म्हणून सांगत होती. मतदान झालं सत्त्याऐंशी टक्क्यांहून जास्त, आणि ५३.२ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. प्रचारात सर्वांत तापलेला मुद्दा कोणता होता? म्हातारपणीचं सरकारी पेन्शन! युरो आला तर ते टिकेल का, हा प्रश्न घराघरात पोचला होता. अर्थतज्ज्ञांचे तक्ते पोचले नव्हते.

यातली गंमत अशी की डेन्मार्कचा क्रोन तेव्हाही युरोला बांधलेला होता आणि आजही आहे. एका युरोला सुमारे ७.४६ क्रोन, हा दर जवळजवळ हलत नाही. फ्रँकफर्टनं व्याजदर हलवला की कोपनहेगनलाही बहुधा हलवावा लागतो. म्हणजे युरोचं बंधन आहेच, फक्त नाण्यावर चेहरा आपल्या राजघराण्याचा. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. दार लोटलेलं असणं आणि दाराला कुलूप असणं यात फरक आहे. गाठ आपणच मारली असेल तर ती सोडायचा हक्कही आपला राहतो.

स्वीडननं १४ सप्टेंबर २००३ ला कौल घेतला. युरोच्या बाजूनं हिरिरीनं प्रचार करणाऱ्या परराष्ट्रमंत्री आना लिंड यांच्यावर मतदानाच्या चारच दिवस आधी स्टॉकहोममधल्या एका दुकानात चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं. सारा देश हादरला. सहानुभूतीची लाट येईल असा पुष्कळांचा होरा होता. पण लोकांनी दुःख आणि मत वेगवेगळं ठेवलं. जवळपास ५६ टक्के मतं विरोधात पडली. राजधानीच्या परिसरात बाजूनं मतं जास्त होती, तर उत्तरेकडच्या विरळ वस्तीत विरोध कडवा होता.

आता ज्यांना विचारलंच नाही त्यांच्याकडे येऊ. जर्मनीत १९२३ मध्ये चलनाचा पार पालापाचोळा झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये पश्चिम भागात नवा मार्क आला. सुरुवातीला माणशी ४० मार्क हातात मिळाले आणि रिकामी दुकानं रातोरात मालानं भरलेली दिसली. त्या पिढीला मार्क म्हणजे नुसता पैसा नव्हता, उद्ध्वस्त देश पुन्हा उभा राहिल्याची ती खूण होती. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व जर्मनीतल्या मोर्चांत घोषणा होती, ती अशा अर्थाची: मार्क इकडे आला तर आम्ही इथंच राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ. अशा लोकांकडून मार्क काढून घ्यायचा होता. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी सार्वमत घेतलं नाही. घेतलं असतं तर आपण सपशेल हरलो असतो, हे त्यांनी पुढे २००२ मध्ये एका मुलाखतीत स्वतःच कबूल केलं. ही कबुली लोकांसमोर आली ती २०१३ मध्ये!

नोटा बदलल्यावर जर्मनांनी एक नवा शब्द घडवला, 'टॉयरो'. त्यांच्या भाषेत 'टॉयर' म्हणजे महाग. शब्दांत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला या कोटीचं कौतुक वाटतं. तिथल्या भाषा-संस्थेनं तो २००२ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला. वास्तविक सरकारी आकड्यांत नाणेबदलामुळे झालेली एकूण दरवाढ एका टक्क्याच्याही आत होती. मग लोक खोटं बोलत होते का? तसं नाही. फ्रिज, संगणक माणूस दहा वर्षांतून एकदा घेतो, ते महागले नव्हते. कॉफी, केस कापणं, हॉटेलातलं जेवण, या वाढल्या होत्या आणि त्यांचे पैसे रोज मोजावे लागतात. माणसाची महागाई त्याच्या खिशात मोजली जाते, सरकारच्या कचेरीत नाही.

इटलीची तऱ्हा उलटी. तिथला लिरा असा घसरलेला की एका युरोला १९३६.२७ लिरा मोजावे लागले. युरोत घ्यावं म्हणून इटलीच्या सरकारनं १९९० च्या दशकात खास 'युरोप कर' बसवला, आणि लोकांनी कुरकुरत का होईना तो भरला. स्वतःच्या राज्यकर्त्यांपेक्षा परक्या बँकेवर विश्वास जास्त, असाच त्याचा अर्थ.

ग्रीसनं तर सगळ्यांनाच कोड्यात टाकलं. २०१० पासून देश कर्जात बुडाला आणि पेन्शनं पुन्हा पुन्हा कापली गेली. ५ जुलै २०१५ ला धनकोंच्या अटींवर सार्वमत झालं, तेव्हा ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी नकार दिला. पण त्याच काळातल्या पाहण्यांत बहुसंख्य ग्रीकांना युरो मात्र हवाच होता. याला विसंगती म्हणणाऱ्यांनी जरा त्या म्हाताऱ्याच्या जागी बसून पाहावं. पेन्शन कापलं, तरी उरलं आहे ते युरोत. उद्या द्राख्मा परत आला तर तेही वितळून जाईल, ही भीती त्या नकाराइतकीच खरी होती.

सर्वांत ताजी गोष्ट बल्गेरियाची. १९९७ मध्ये तिथं महागाईनं लोकांची आयुष्यभराची बचत गिळली. म्हणून त्यांनी आपला लेव्ह जर्मन मार्कला बांधून टाकला, पुढे एका मार्कला एक लेव्ह. जर्मनीतला मार्क गेला, तरी त्याचं १.९५५८३ हे युरोशी ठरलेलं प्रमाण बल्गेरियात चालत राहिलं, थेट २०२५ संपेपर्यंत! मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रुमेन रादेव यांनी सार्वमताची सूचना मांडली, ती संसदेत स्वीकारली गेली नाही. सोफियात मोर्चे निघाले, जनमत सरळसरळ दुभंगलेलं होतं, आणि १ जानेवारी २०२६ ला बल्गेरिया युरोचा एकविसावा देश झाला. अठ्ठावीस वर्षं लेव्ह स्थिर राहिला होता. एकेकाळी दगा देणाऱ्या नाण्यानंच एव्हाना लोकांचा भरवसा कमावला होता.

एकदा नाणं हातात रुळलं की मन मात्र पालटतं. युरो वापरणाऱ्या देशांत आता दहापैकी आठच्या आसपास लोक तो बरा म्हणतात. तरी जर्मनांच्या घरांत, ड्रॉवरमध्ये, जुन्या कोटांच्या खिशांत अजून सुमारे १२ अब्ज मार्क पडून आहेत. तिथली मध्यवर्ती बँक ते कधीही बदलून देते, मुदत नाही.

आणि डेन्मार्क? युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर जून २०२२ मध्ये तिथल्या लोकांनी १९९२ नंतर मिळवलेली संरक्षणाबाबतची सवलत मोठ्या बहुमतानं सोडून दिली. सैन्य युरोपबरोबर चालेल, म्हणाले. क्रोनबद्दल मात्र त्यांना २००० नंतर पुन्हा विचारायला एकही सरकार धजावलेलं नाही.