दमा, तू आलास तरी कधी?

शहाळ्याबरोबर मिळते ना ती नळी? ती तोंडात धरा, नाक चिमटीत दाबा आणि थोडा वेळ फक्त नळीतूनच श्वास घ्या. (दमा असलेल्यांनी हा प्रयोग करायचा नाही. तुम्हाला तो आधीच ठाऊक आहे!) जीव घाबराघुबरा झाला? दम्यातही असंच होतं. फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका आतून सुजतात, भोवतीचे स्नायू त्यांना आवळतात, वर चिकट कफ साचतो. मग श्वास सोडताना छातीतून शिट्टी वाजते.

डॉक्टर मात्र शिट्टी ऐकून थांबत नाहीत. ते विचारतात, "हे कधीपासून?" कारण पाचव्या वर्षी आलेला दमा आणि चाळिशीत आलेला दमा यांचं नाव एक असलं तरी स्वभाव बरेचदा वेगळे असतात.

समजा, रत्नागिरीत पाचवीतला एक चिन्या आहे आणि त्याची एक मावशी. दोघांनाही दमा.

चिन्याला तान्हेपणी अंगावर खाजरे चट्टे उठायचे. बाबांना सटासट शिंका येतात. म्हणजे घरात ॲलर्जी आहेच. लहानपणीचा दमा बहुधा अशाच घरात सापडतो. 2007 साली शास्त्रज्ञांना 17व्या गुणसूत्रावर एक जागा मिळाली. तिचा संबंध लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी घट्ट आहे, मोठेपणीच्या दम्याशी फारसा नाही!

चिन्या पावसाळ्यात जास्त खोकतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते आणि गादीत डस्ट माइट मजेत वाढतात. हे कोळ्यांचे दूरचे नातेवाईक, आठ पायांचे, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. आपल्या अंगावरून गळालेली मेलेली कातडी हे त्यांचं जेवण. आणि पाणी? ते पीतच नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात! कोकणातला जुलै त्यांना आणखी काय हवं? ते चावत नाहीत. चिन्याला त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनाचा. शी! पण खरं आहे.

आता मावशी. ती कोळंबीच्या कारखान्यात काम करते. कोळंबी धुताना, सोलताना बारीक तुषार उडतात आणि त्यांतली प्रथिनं नाकातोंडात जातात. त्यातून काही कामगारांना दमा होतो, हे अनेक देशांत दिसलंय. खूण कोणती? सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं, कामावर गेलं की पुन्हा दम लागतो. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत काम थांबलं, तर चिन्या खोकत असताना मावशीला कदाचित मोकळं वाटेल!

मोठेपणीच्या दम्याला इतरही निमित्तं असतात: धूर, वाढलेलं वजन, सर्दीचे विषाणू. काहींना तर ॲस्पिरिनच्या गोळीनेही दम लागतो. अर्थात मोठ्यांना ॲलर्जीचा दमा होतच नाही असं मुळीच नाही.

आणखी एक गंमत. लहानपणी दमा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. वयात आल्यावर पारडं फिरतं आणि बायकांमध्ये तो जास्त दिसू लागतो. चिन्याचा दमा मोठं होताना मंदावण्याची बरीच शक्यता आहे, पण पुढे तो परतूही शकतो. मावशीचा सहसा आपणहून जात नाही. म्हणून तिच्या दम्याचं कारण लवकर शोधायला हवं.

औषध ओढायचा पंप मात्र दोघांच्याही कामाचा. तो कसा जन्मला माहितीये? अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाची 13 वर्षांची मुलगी दम्याने त्रासलेली होती. "केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही?" असं तिने विचारलं आणि 1956 मध्ये तसा पंप बाजारात आला. "पंपाची सवय लागते" म्हणणाऱ्यांना सांगा, सवय लागत नाही. उलट औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं.

तुमच्या घरी कुणाला दमा असेल, तर तो कोणत्या वयात आला, कोणत्या महिन्यात वाढतो आणि सुट्टीत कमी होतो का, एवढं वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी ती वही डॉक्टरांना दाखवा.