आजोबांची ‘तीनशे पंधरा’: जुन्या शिकारी रायफलीचं वेड, तिचं काडतूस आणि आजचा कायदा

गणपतीला लालबाग-परळचे चाकरमानी गावी आले, की घरातल्या जुन्या वस्तू बाहेर निघतात. समई, ताम्हण, पेटीतले फोटो. काही घरांत आजोबांच्या नावावरची बंदूकही असते. ती हातात घेतली की ओटीवर चर्चा सुरू होते. ही कसली? तीनशे तीन की तीनशे पंधरा? हिची काडतुसं अजून मिळतात का? आणि शेवटी हमखास येणारा प्रश्न: भात लोळवणारं डुक्कर हिने मारलं तर चालेल का?

प्रश्न साधे वाटतात, पण चुकीचं उत्तर महागात पडतं. कधी बंदूक हातात फुटते, कधी पोलीस केस होते, कधी वनविभागाची. म्हणून ही जुनी रायफल, तिचं काडतूस आणि तिच्याविषयीचं वेड नीट समजून घ्यायला हवं.

आधी बोअर समजून घ्या

बंदुकीची खरी ओळख तिच्या काडतुसावरून होते. पितळी कवच, बुडाशी टोपी, आत बारूद आणि तोंडाशी गोळी, असं रायफलीचं काडतूस असतं. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, बारूद पेटते आणि तिच्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. रायफलीच्या नळीत आतून वळणदार खाचा असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते.

‘तीनशे पंधरा’ म्हणजे .३१५ इंच, म्हणजेच ८ मिलिमीटर. ‘तीनशे तीन’ म्हणजे .३०३ इंच, साधारण ७.७ मिलिमीटर. फरक केसाएवढा वाटतो, पण दोन्हींची काडतुसं वेगळी आणि ती एकमेकांत चालत नाहीत. ‘बारा बोअर’चा हिशेब मात्र इंचाचा नाही. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. सोळा बोअर ही बारा बोअरपेक्षा बारीक असते, ती यामुळेच.

वेड आलं पुस्तकांतून, आणि पुस्तक आलं मुंबईतून

जुन्या शिकारी रायफलीचं नाव निघालं की जिम कॉर्बेट आठवतात. मराठीत त्यांच्या पुस्तकांचे अनुवाद पिढ्यान् पिढ्या वाचले गेले. कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरचं त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं, ते लंडनहून नव्हे तर मुंबईहून. कुमाऊंच्या जंगलातली गोष्ट मुंबईतून जगभर गेली.

कॉर्बेट यांची सर्वात नावाजलेली रायफल म्हणजे .२७५ रिग्बी. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. सरकारी नोंदीप्रमाणे तिने ४३६ माणसं मारली होती. त्या कामगिरीबद्दल तेव्हाच्या संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ही रायफल त्यांना भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे.

अनेकांना वाटतं, की चंपावतची वाघीण याच रायफलीने पडली. तसं नाही. रायफल बक्षीस म्हणून नंतर आली. त्या दिवशी कॉर्बेट यांच्याकडे दुसरी, जड रायफल होती आणि काडतुसं होती फक्त तीन. ती संपली तेव्हा वाघीण जखमी होती, पण जिवंत होती. शेवटी सोबतच्या तहसीलदारांची जुनी छऱ्याची बंदूक घेऊन त्यांनी काम पुरं केलं. तिची नळी मागच्या बाजूला नीट मिटतही नव्हती. एवढा मोठा शिकारी, पण काडतुसं मोजकी आणि शेवटी हातात उसनी, खिळखिळी बंदूक. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

.२७५ रिग्बी कामी आली ती पुढे. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या याच रायफलीने पडला. सरकारी नोंदीत त्याचे १२५ बळी होते.

‘.२७५’ हे नाव इंग्रजी, काडतूस जर्मन

लंडनच्या रिग्बी कंपनीने नाव दिलं ‘.२७५’, पण काडतूस मूळ जर्मनीच्या माउझरचं. १८९२ च्या सुमारास ते तयार झालं. त्याचं मूळ नाव ७ बाय ५७. म्हणजे नळी ७ मिलिमीटर आणि कवचाची लांबी ५७ मिलिमीटर. इंग्रज गिऱ्हाइकाला इंचाची सवय, म्हणून ७ मिलिमीटरचं .२७५ झालं.

शौकिनांना हे काडतूस आवडतं त्याची कारणं साधी आहेत. धक्का कमी, रायफल हलकी, नेम चांगला. तिच्या शिकारी काडतुसातली गोळी साधारण ९ ग्रॅमची, पण वेगाने जाणारी. दिवसभर डोंगर चढणाऱ्या माणसाला जड दुनळीपेक्षा ही रायफल खांद्यावर बरी. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी जगात हे काडतूस अजून तयार होतं.

कॉर्बेट १९४७ मध्ये केनियाला गेले आणि १९५५ मध्ये वारले. रायफल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली. पुढे २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती परत आपल्याकडे घेतली. आज जगभरचे शौकीन तिचे फोटो बघतात, तिच्यासारखी रायफल बनवून घेतात.

मग आपल्याकडे ‘तीनशे पंधरा’च का?

रिग्बीसारखी रायफल साहेबांकडे आणि संस्थानिकांकडे असायची. आपल्याकडच्या परवान्यांवर दिसते ती ‘.३१५’. तिच्यामागे कायद्याची गोष्ट आहे.

१८५७ नंतर इंग्रजांना एकच धाक होता: लष्कराचं काडतूस लोकांच्या हाती पडलं, तर ते आपल्यावरच उलटेल. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद केलं. पुढे लष्करी बोअरच खासगी वापरातून बाद केले. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवर बंदी आली, तेव्हा विलायती कारखान्यांनी हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी .४६५, .४७० असे नवे बोअर काढले. सैन्याचं .३०३ सामान्य माणसाला मिळेना, तेव्हा .३१५ पुढे आलं. रायफलीची घडण बरीचशी सैन्याच्या ली-एनफिल्डसारखी, पण काडतूस वेगळं, म्हणजे सैन्याची गोळी तिच्यात चालायची नाही.

हे .३१५ काडतूसही मूळचं इथलं नाही. १८९० च्या सुमारास ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी बनलेलं ते ८ बाय ५० मॅनलिखर. तिकडे ते केव्हाच मागे पडलं. आपल्याकडे मात्र कायद्यामुळे टिकलं. पूर्वी या रायफली इंग्लंडच्या बीएसए कंपनीकडून यायच्या. नंतर त्या पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात बनू लागल्या.

आणि काडतूस? ते आपल्याच पुण्याजवळच्या खडकीचं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, ती ‘किर्की फॅक्टरी’ची, कारण इंग्रज खडकीला किर्की म्हणत. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तेव्हा खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला.

शिकारी आणि अभ्यासक एकाच घरातले

मुंबईत या शिकारी वेडातून एक चांगली गोष्टही उभी राहिली. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. सुरुवातीच्या काळात तिच्या सभासदांत शिकारीचा शौक असलेले पुष्कळ होते. मारलेल्या प्राण्यापक्ष्यांची कातडी, कवट्या, मोजमापं आणि नोंदी सोसायटीकडे जमा होत. त्यातून देशातला मोठा संग्रह तयार झाला.

गिरगावच्या खेतवाडीत १८९६ मध्ये जन्मलेले सलीम अली लहानपणी एअरगनने चिमण्या मारत. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्याखाली पिवळा ठिपका दिसला. ही कोणती, हे विचारायला ते सोसायटीत गेले. सचिव मिलार्ड यांनी त्यांना संग्रहातले पक्षी उघडून दाखवले. त्या दिवसापासून पोराची दिशा बदलली आणि देशाला मोठा पक्षीतज्ज्ञ मिळाला. कॉर्बेट यांनीही पुढे रायफलीपेक्षा कॅमेरा जास्त वापरला.

मुंबईला कामासाठी जाणं झालं, तर फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पोरांना जरूर दाखवा. तिथलं प्राण्यापक्ष्यांचं दालन सोसायटीच्या मदतीने उभं राहिलं आणि त्याच दालनात सलीम अली यांनी मार्गदर्शक म्हणून नोकरी केली होती.

डुक्कर मारायला चालेल का?

परवानगीशिवाय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले. बंदुकीचा परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याची मुभा. तिने रानडुक्कर, रोही, भेकर, ससा किंवा रानकोंबडा मारण्याची मुभा त्यात येत नाही. एअरगनने पाखरू मारलं तरी कायदा तोच लागतो.

रानडुकराने किंवा रोहीने उभं पीक उद्ध्वस्त केलं, तर कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागाचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात आल्याशिवाय बार काढू नये. नुकसान झालं की लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईचा अर्ज त्यावरच पुढे सरकतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीच्या, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. रायफल त्यात येत नाही. व्यवहाराने पाहिलं तरी तेच बरोबर. छरे काही शे मीटरच्या आत पडतात. तीनशे पंधराची सुमारे १६ ग्रॅमची गोळी दोन किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. रात्री डुकरावर झाडलेली चुकलेली गोळी पलीकडच्या वाडीत कुणाच्या पडवीत शिरेल, सांगता येत नाही.

घरात जुनी बंदूक असेल तर

परवानाधारक वारले, तर बंदूक आपोआप मुलाची होत नाही. परवाना माणसाच्या नावाने असतो. विनाकारण वेळ न घालवता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि मग वारसाने आपल्या नावावर परवान्यासाठी अर्ज करावा. गावाकडे हा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, मुंबईत राहणाऱ्याचा पोलीस आयुक्तांकडे.

परवानाधारक हयात असतानाही बंदूक वारसाला देता येते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर तो वारसासाठी अर्ज करू शकतो. भावाभावांत वाद होण्यापेक्षा हे काम आजोबांनी स्वतःच उरकलेलं बरं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. परवान्याची मुदत आता तीनऐवजी पाच वर्षं आहे. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश आला, तर बंदूक वेळेत जमा करून पावती जपून ठेवावी.

जुन्या काडतुसांचं काय? ट्रंकेत पडलेली, हिरवट गंज चढलेली काडतुसं वापरू नयेत. ओल लागलेली टोपी आणि बारूद भरवशाची राहत नाही. कधी बार उडतच नाही, कधी चाप ओढल्यावर थोड्या वेळाने उडतो. अशी काडतुसं ठोकून, कापून किंवा जाळून नष्ट करायला जाऊ नका. बंदुकीबरोबर तीही जमा करा. नळीवर कोरलेला बोअर, परवान्यावर लिहिलेला बोअर आणि काडतुसाच्या बुडावरचा आकडा एकच आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. ‘बसतंय ना, मग चालेल’ हा हिशेब बंदुकीत चालत नाही.

नेमबाजीचीच आवड असेल, तर तिला सरळ रस्ता आहे. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमध्ये असताना रायफल हातात घेतलेल्या अंजली भागवत पुढे ऑलिंपिकपर्यंत गेल्या. गावच्या पोरापोरींनाही शाळा-कॉलेजातल्या एनसीसीतून तीच सुरुवात करता येते.

आजोबांची तीनशे पंधरा हा घरचा ठेवा आहे, त्याचा अभिमान असायला हरकत नाही. फक्त या गणपतीत ती बाहेर निघाली, तर आधी परवान्याची तारीख बघा.