वही कोणाच्या हातात? सुप्याची गोष्ट

लोअर परळच्या चाळीत वाढलेल्या कुणाही आजीला विचारा, वाण्याच्या उधारीची छोटी वही तिला आठवेल. अर्धा किलो साखर, पाव किलो तूरडाळ, असं वाणी दोनदा लिहायचा: एकदा त्याच्या मोठ्या वहीत, एकदा घरच्या वहीत. गिरणीत पगार झाला की बाकी चुकती. आजचा एपिसोड त्या घरच्या वहीबद्दल आहे. ती नसली की काय होतं, हे पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दिसलं होतं, दीडशे वर्षांपूर्वी.

सुप्याच्या दुकानदार-सावकाराकडे धान्य, कापड, रोख कर्ज, सगळं मिळायचं. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार, खतावणीत माणसागणिक खातं. जमा, नावे, बाकी. पद्धत एकदम चोख. मला तर आजच्या ॲपपेक्षा ती जास्त आवडते. पण वही एकच, तीही दुकानात, आणि बहुतेक कुणब्यांना वाचता येत नव्हतं.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. कर्जरोखा तीनच वर्षं चालणार, म्हणजे व्याज साचणार नाही, असा हिशेब होता. झालं उलटंच. समजा, १०० रुपये घेतले, महिना दोन टक्क्यांनी. तीन वर्षांनी १७२. आता नवा रोखा, आणि १७२ हेच मुद्दल! आणखी तीन वर्षांनी जवळपास २९६. व्याज मुद्दलाहून वाढू नये, हा दामदुपटीचा जुना दंडक होता खरा. पण व्याजालाच मुद्दल म्हटलं की दंडक काय करणार?

अमेरिकेतल्या यादवी युद्धात इथला कापूस महागला, सावकारांनी सढळ हातानं उधार दिलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी आटली. सारा मात्र वाढलेला.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजार. लोक दुकानांवर चालून गेले. मागणी काय, तर वह्या आणि रोखे द्या. मिळाले ते जाळले. धान्याची लूटही झाली, घरं पेटली. दंगा पुढे नगरपर्यंत पसरला. पण कागद हाती आले की बऱ्याच ठिकाणी माणसाला हात लावला नाही.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ ला शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कोर्टाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. पैसे फेडले की लेखी पावती, वर्षाचा हिशेब, आणि मागितलं तर पासबुक, म्हणजे घरची वहीच की!

मागितलं तर, बरं का. पुढच्या हंगामाचं बियाणं त्याच दुकानातून उधार आणायचं असताना मागणार कोण?