जुन्या गाडीचा टर्बो खरंच गेला आहे का?

कपड्याच्या धंद्यात गाडीची गरज दुकानाइतकीच असते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या अनेक व्यापाऱ्यांकडे बारा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी आहे. कोणाची स्कॉर्पिओ, कोणाची बोलेरो, तर कोणाची टवेरा. अशी गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते, पण भिवंडीहून नाशिककडे परतताना कसारा घाटात दम टाकते. गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "सेठ, टर्बो गेला, बदलावा लागेल." टर्बोचे बिल हजारोंत जाते. प्रत्यक्षात दोष कधी कधी एखाद्या रबरी पाईपात असतो. धागा तुटला म्हणून कोणी माग बदलत नाही. गाडीच्या बाबतीतही हाच हिशेब ठेवावा.

प्रथम टर्बोचे काम समजून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोमधील एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की डिझेल पूर्ण जळते आणि ताकद वाढते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणजे टर्बोला तीन गोष्टी लागतात: मोकळी हवा, गळती नसलेले पाईप आणि स्वच्छ तेल. तपासणीही याच क्रमाने करावी.

सायलेन्सरचा धूर पाहिला तर निम्मे निदान होते. ॲक्सिलरेटर दाबताच काळा धूर येत असेल तर डिझेल मिळते आहे, हवा कमी पडते आहे. निळसर धूर येत असेल आणि इंजिनचे तेल घटत असेल तर तेल जळते आहे. तेथे टर्बोच्या सीलवर किंवा खुद्द इंजिनवर संशय घ्यावा. धूरही नाही आणि ओढही नाही, अशी स्थिती असेल तर आधी डिझेल फिल्टर पाहावा. तो तुंबला असेल तर टर्बोचा काही दोष नाही.

यानंतर एअर फिल्टर काढून पाहावा. पॉवरलूमच्या वस्तीत कापसाचे तंतू आणि धूळ यांनी तो लवकर भरतो. मग टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तेथून इंजिनकडे जाणारे जाड रबरी पाईप पाहावेत. त्यांच्या खालच्या बाजूची चीर सहज दिसत नाही. गाडी उभी असताना ती मिटलेली असते आणि चढावर दाब आला की उघडते. म्हणून गॅरेजमध्ये गाडी ठीक वाटते आणि घाटात बसते. चढावर "फुस्स" असा आवाज येणे किंवा पाईपाच्या सांध्यावर ताजे तेलकट काळे डाग दिसणे, ही गळतीची खूण आहे. पाईपात आतून थोडा तेलाचा ओलावा असतोच, त्याला घाबरू नये. तेल साचून राहिले असेल तर मात्र काळजी करावी.

टर्बोच्या बाजूला एक डबी आणि तिची छोटी दांडी असते. तिला ॲक्चुएटर म्हणतात. ती हवेचा दाब ताब्यात ठेवते. काही गाड्यांत ही डबी व्हॅक्यूमवर चालते. अशा गाडीत इंजिन चालू करताच दांडी ओढली जाते आणि बंद करताच परत येते. ती हलत नसेल तर बारीक व्हॅक्यूम पाईप कडक होऊन तडकला आहे का, हे पाहावे. त्याच सुमारास ब्रेकही जड झाला असेल तर व्हॅक्यूम पंपाची तपासणी त्याच दिवशी करावी, तो जिवाचा प्रश्न आहे.

ताकद कशी गेली, हेही मिस्त्रीला नीट सांगावे. हळूहळू गेली असेल तर फिल्टर किंवा काजळीचा संशय घ्यावा. एकदम गेली आणि चावी बंद-चालू केल्यावर परत आली, तर गाडीच्या कॉम्प्युटरने इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी केलेली असते. अशा वेळी काही बदलण्यापूर्वी स्कॅनर लावून घ्यावा.

इतके सारे ठीक निघाले तरच टर्बो उघडावा. थंड, बंद इंजिनवर हवेचा पाईप काढून आतले चक्र बोटाने फिरवावे. बाजूला किंचित हलणे स्वाभाविक आहे. पण ते पुढे-मागे सरकत असेल, पाती घासलेली असतील किंवा चक्र अडकत असेल, तर टर्बो खरोखर गेला असे समजावे. इंजिन चालू असताना तेथे बोट नेऊ नये.

टर्बो गेलाच असेल तर तो का गेला, हे विचारल्याशिवाय नवा बसवू नये. टर्बोला तेल नेणारी नळी कार्बनने तुंबली असेल तर नवा टर्बोही तेलावाचून लवकरच जळेल. नळी साफ करावी किंवा बदलावी, तेल व ऑइल फिल्टर नवे टाकावे आणि पाईपात साचलेले जुने तेल काढावे. निळा धूर सोडणारी गाडी तशीच घाटात नेऊ नये. सील फुटून इंजिन स्वतःचेच तेल पिऊ लागले तर चावी बंद करूनही ते थांबत नाही. गिअरची गाडी असल्यास गाडी थांबवून, ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडावे लागते.

टर्बो टिकवण्याचे उपाय स्वस्त आहेत. तेल वेळेवर बदलावे. सकाळी गाडी सुरू करताच रेस देऊ नये. घाट चढून आल्यावर लगेच चावी न फिरवता एखादे मिनिट इंजिन चालू ठेवावे. गॅरेजमधून निघताना काढलेला जुना भाग आणि पक्के बिल मागून घ्यावे. आपण ग्राहकाला मीटर मोजून कापड देतो, तसाच हिशेब आपणही मागावा. यात संकोच कसला? विनाकारण खर्च हा इसराफ आहे आणि प्रामाणिक मिस्त्रीला अशा विचारण्याचा राग येत नाही.