मरणोत्तर गती, ख्रिस्ती मते

मनुष्याचा मृत्यू, मृत्यूनंतरची आत्म्याची अवस्था, मृतांचे पुनरुत्थान, अंतिम न्याय आणि सज्जन व दुर्जन यांना मिळणारे चिरंतन फल यांविषयीचे ख्रिस्ती धर्मातील विचार. मृत्यू, न्याय, स्वर्ग व नरक यांना कॅथलिक परंपरेत ‘चार अंतिम गोष्टी’ म्हणतात. पुनरुत्थान व न्याय यांविषयी प्रमुख ख्रिस्ती पंथांत एकमत आहे. न्यायानंतर दुष्टांचे काय होते, या प्रश्नावर मात्र प्रारंभीच्या शतकांपासून मतभेद आढळतात. आत्मा स्वभावतःच अमर आहे, की अमरत्व हे ईश्वराने द्यावयाचे दान आहे, या वादात त्या मतभेदांचे मूळ सापडते.

जुन्या करारातील ‘नेफेश’ या हिब्रू शब्दाचे भाषांतर पुष्कळदा ‘आत्मा’ असे केले जात असले, तरी त्याचा मूळ रोख श्वास घेणाऱ्या, गरजा असलेल्या सजीव प्राण्यावर आहे. मातीपासून घडविलेल्या मनुष्याच्या नाकपुड्यांत ईश्वराने प्राण फुंकला व तो सजीव झाला, असे ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायात वर्णन आहे. देहाच्या पिंजऱ्यात अडकलेला स्वतंत्र आत्मा येथे अभिप्रेत नाही. मेलेले सर्वजण ‘शेओल’ या निस्तेज अधोलोकात जातात व तेथे सुष्ट-दुष्ट असा भेद नसतो, अशी प्राचीन इझ्राएलची सामान्य समजूत होती. पुनरुत्थानाची स्पष्ट कल्पना ‘दानीएल’च्या बाराव्या अध्यायात, म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या शतकात येते. चौथा अँटायओकस या राजाने त्या काळी ज्यू धर्माचा छळ आरंभिला होता व धर्मशास्त्र पाळल्याबद्दलच लोक मारले जात होते. सज्जनांना दीर्घायुष्य व दुर्जनांना अकाली मरण, हा जुना हिशेब येथे उलटा झाला. निष्ठावंतांना या जगात न्याय मिळत नसेल, तर ईश्वर तो कोठे देणार, या व्याकूळ प्रश्नातून पुनरुत्थानाचा विश्वास दृढ झाला. त्याचा उगम तत्त्वचिंतनापेक्षा छळाच्या अनुभवात अधिक आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. येशूच्या काळी परूशी हा विश्वास बाळगीत, तर सदूकी तो नाकारीत.

नव्या करारात मृतांच्या लोकासाठी ‘हेडीस’ हा शेओलचा ग्रीक पर्याय आणि दुष्टांच्या शिक्षास्थानासाठी ‘गेहेन्ना’ हा शब्द येतो. गेहेन्ना हे जेरूसलेमच्या दक्षिणेकडील हिन्नोमच्या खोऱ्याचे नाव. तेथे मोलख देवतेपुढे मुलांचा बळी दिला जाई, म्हणून यहूदाचा राजा योशीया याने इ. स. पू. सातव्या शतकात ते स्थान विटाळून टाकले आणि यिर्मया या संदेष्ट्याने त्याला वधाचे खोरे म्हटले. या स्थानी शहराचा कचरा अखंड जळत असे, हे पुष्कळ ग्रंथांतून दिले जाणारे स्पष्टीकरण मध्ययुगीन भाष्यावर आधारलेले असून त्याला प्राचीन आधार नाही. मराठी बायबलमध्ये ‘अधोलोक’ व ‘नरक’ असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत; १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात मात्र दोहोंसाठी बहुधा एकच शब्द योजल्यामुळे वाचकांच्या मनात बराच गोंधळ उत्पन्न झाला.

दुष्टांच्या गतीविषयी नव्या करारातील वचने एकाच दिशेने बोट दाखवीत नाहीत. ‘मत्तय’च्या पंचविसाव्या अध्यायात सार्वकालिक जीवनाच्या जोडीला सार्वकालिक शिक्षेचा उल्लेख आहे. त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आत्मा व देह या दोहोंचा गेहेन्नात नाश करण्यास समर्थ असलेल्याचे भय बाळगण्यास सांगितले आहे. पौलाच्या पत्रांत पापाचे फल मरण हे आहे. पण आदामामुळे जसे सर्व मरतात, तसे ख्रिस्तामुळे सर्व जिवंत केले जातील, असेही तो म्हणतो. ‘प्रकटीकरणा’तील अग्निसरोवराला ‘दुसरे मरण’ म्हटले आहे आणि तेथेच सैतानाला युगानुयुगे पीडा होईल, असेही सांगितले आहे. पुढील तीनही प्रमुख मतांना शास्त्राधार सापडतो, तो यामुळे.

ख्रिस्ती धर्म ग्रीक जगात पसरला, तेव्हा आत्म्याच्या अमरत्वाचा प्लेटोने ‘फीडो’ या संवादात मांडलेला विचार सुशिक्षितांच्या परिचयाचा होता. अनेक ख्रिस्ती आचार्यांनी तो स्वीकारला. तथापि आत्मा अनादी नसून ईश्वरनिर्मित आहे, अशी मर्यादा त्यास सामान्यतः घातली. आत्मा नष्टच होऊ शकत नसेल, तर पश्चात्ताप न केलेल्या आत्म्याला कोठेतरी सर्वकाळ असणे प्राप्तच होते. ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने यातून निराळी वाट काढली : ईश्वराची शिक्षा ही वैद्याच्या उपचारासारखी असून अखेरीस सर्व जीव शुद्ध होऊन त्याच्याकडे परततील. हे मत सहाव्या शतकात निषिद्ध ठरले. परंतु त्याविरुद्धचे शापलेख ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदेने स्वतः संमत केले किंवा कसे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. निसाचा ग्रेगरी याने बहुतांशी तेच प्रतिपादन केले असूनही त्याचे संतपद अबाधित राहिले. चौथ्या शतकाच्या प्रारंभी आर्नोबिअस याने आत्मा मर्त्य असून दुष्टांचे आत्मे अग्नीत संपून जातात, असे मत मांडले. त्याला फारसे अनुयायी लाभले नाहीत.

पाश्चात्त्य चर्चचे मत निश्चित केले, ते सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने. आपल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात त्याने अनंत शिक्षेवरील आक्षेपांचा परामर्श घेतला आहे. एकाच वाक्यात जीवन व शिक्षा या दोहोंना एकच विशेषण लावले असता एक अनंत व दुसरी सान्त मानणे अयुक्त होय, हा त्याचा मुख्य युक्तिवाद. क्षणिक पापास अनंत दंड कसा, या आक्षेपाला मध्ययुगात सेंट टॉमस अक्वाय्‌नस (१२२५–७४) याने असे उत्तर दिले, की पापाचे गांभीर्य त्याला लागलेल्या वेळावर नव्हे, तर ज्याच्याविरुद्ध ते घडले, त्याच्या अनंत थोरवीवर अवलंबून असते. हे उत्तर तर्कशुद्ध असले, तरी त्याने सर्वांचे समाधान झाले नाही.

मृत्यू व पुनरुत्थान यांमधील काळात आत्मा कोठे असतो, हाही प्रश्न वादग्रस्त होता. अंतिम न्यायापूर्वी संतांनाही ईश्वराचे पूर्ण दर्शन घडत नाही, असे पोप बाविसावा जॉन याने १३३१ पासूनच्या प्रवचनांत सांगितले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्याच्या मागून आलेला पोप बारावा बेनेडिक्ट याने १३३६ मध्ये, शुद्ध आत्मे लगेच ईश्वरदर्शनास व घोर पापात मेलेले लगेच नरकात जातात, असा निर्णय दिला. किरकोळ पापे उरलेल्यांच्या शुद्धिस्थानाविषयीचा सिद्धांत लायन्स (१२७४), फ्लॉरेन्स (१४३९) व ट्रेंट (१५६३) येथील परिषदांत मांडण्यात आला. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च मृतांसाठी प्रार्थना करते. परंतु शुद्धिस्थानातील अग्नी मानीत नाही. प्रॉटेस्टंटांनी शुद्धिस्थान नाकारले. मृत्यूनंतरची अवस्था निद्रेसारखी असते, असे ल्यूथर अनेकदा सुचवितो. कॅल्व्हिनने मात्र आत्म्याच्या निद्रेच्या मताविरुद्ध स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

अनंत शिक्षेचा सिद्धांत प्रॉटेस्टंट पंथांनीही कायम ठेवला. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीपत्रात त्याच्या विरोधकांचा निषेध आहे. इंग्लंडमध्ये १५५३ च्या बेचाळीस कलमांपैकी अखेरचे कलम सर्वांच्या तारणाच्या मताविरुद्ध होते; दहा वर्षांनी कलमांची फेररचना झाली, तेव्हा ते गळले. तरीही १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक एफ्. डी. मॉरिस याला ‘अनंत’ या शब्दाचा कालवाचक अर्थ नाकारल्यामुळे पद गमवावे लागले. याच शतकात एडवर्ड व्हाइट याने सापेक्ष अमरत्वाचा, म्हणजे ख्रिस्ताशी एकरूप झालेल्यांनाच अमर जीवन मिळते व इतर नाश पावतात या मताचा, पुरस्कार केला. सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्च (स्थापना १८६३) व यहोवाचे साक्षीदार हेही दुष्टांचा अखेर समूळ नाश होतो, असे मानतात. न्यायी ईश्वराने यातना अनंत का कराव्यात, हा प्रश्न या मतात उरत नाही. मात्र नष्ट करण्यासाठीच दुष्टांना पुन्हा उठवावयाचे का, असा नवा प्रश्न उद्भवतो. सर्वांच्या तारणाचे मत ईश्वराच्या प्रेमाला पूर्ण वाव देते. परंतु त्याला अखेरपर्यंत नकार देण्याचे मानवाचे स्वातंत्र्य त्यात कितपत उरते, हे सांगणे कठीण आहे.

विसाव्या शतकात ऑस्कार कुलमान याने १९५५ मधील एका व्याख्यानात अमर आत्म्याची ग्रीक कल्पना व पुनरुत्थानाची बायबलमधील आशा यांतील विरोध ठळकपणे मांडला. इंग्लंडच्या चर्चच्या सिद्धांत आयोगाने १९९५ मध्ये नरकाचा अर्थ यातनेपेक्षा अस्तित्वलोप असा लावणे अधिक युक्त मानले. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या प्रश्नोत्तर-ग्रंथात नरकाची शाश्वतता कायम आहे. मात्र ईश्वरापासूनचा कायमचा वियोग ही त्यातील मुख्य शिक्षा असून मनुष्य ती स्वतः ओढवून घेतो, यावर भर आहे. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार आहेत, असे रोममधील आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये नमूद केले.

भारतीय भाषांत या कल्पना मांडताना जुन्याच शब्दांना नवा अर्थ द्यावा लागला. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी आपल्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. कोंकणी ख्रिस्ती लोक नरकाला ‘यमकोंड’ म्हणतात. ‘आत्मा’ या शब्दाने मात्र अडचण निर्माण केली. वेदान्तातील आत्मा अजन्मा, तर ख्रिस्ती मतानुसार तो निर्मित आहे. त्याला पुनर्जन्म नाही व देहाविना तो अपूर्णच असतो. देहाच्या पुनरुत्थानावरील या विश्वासामुळे ख्रिस्ती समाजात दफनाची प्रथा रूढ झाली. कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये दहनास बंदी केली होती. ती १९६३ मध्ये, पुनरुत्थान नाकारण्याचा हेतू नसल्यास, उठविण्यात आली. रक्षा विखुरण्यास मात्र २०१६ च्या आदेशानुसार मनाई असून ती पवित्र स्थळी जपून ठेवावी लागते.